डिव्हाइस 'रजिस्टर' करणे : नोंदणी की दाखल?

ओंजळ :
लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हर मॉडेलवर, म्हणजे तो डिव्हाइस आणि ती चालवणारे ड्रायव्हर कसे सांभाळतो त्यावर, नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. डिव्हाइस रजिस्टर करणे याला मी सगळीकडे 'नोंदणी' लिहिलं. त्यात 'नोंदणी फसली तर वस्तू मोकळी करा' असं एक वाक्य होतं. ते वाचून एकाने थेट के-फ्री (मेमरी तिथल्या तिथे सोडणारं फंक्शन) लिहिलं आणि कर्नल कोसळला. चूक माझ्या वाक्याची. एरर आली तरी तिथे मेमरी आपण सोडवायची नसते, पुट-डिव्हाइस (आपला संदर्भ सोडणारं फंक्शन) बोलवायचं असतं. शब्दच बदलू का?

टाचण :
नका बदलू. नोंद आपण आपल्या वहीत करतो, नोंदणी दुसऱ्याच्या दप्तरी होते. इथे दप्तर कर्नलचं. याहून नेमका शब्द मिळायचा नाही.

खटपट्या :
नेमका कसा? डिव्हाइस-रजिस्टरच्या पोटात दोन कामं आहेत. आधी डिव्हाइस-इनिशियलाइझ, त्यात संदर्भांची मोजणी, म्हणजे वस्तू किती जणांनी धरली आहे तो आकडा, १ पासून सुरू होते. मग डिव्हाइस-ॲड, तेव्हा ते बसच्या (डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळवणाऱ्या दुव्याच्या) यादीत जातं आणि सिसएफएसमध्ये (कर्नलमधल्या वस्तू फाइलींच्या रूपात दिसतात तिथे) त्याची डिरेक्टरी दिसू लागते. दुसरं फसलं तरी पहिलं झालेलं असतं, तो १ कुणीतरी उतरवायलाच हवा. 'नोंदणी फसली' म्हटलं की मराठी कानाला 'काहीच झालं नाही' असं ऐकू येतं. त्या मुलालाही तेच ऐकू आलं. पहिल्याला 'सिद्ध करणे' म्हणा, दुसऱ्याला 'दाखल करणे'.

मधुमालती :
दाखल अरबीतून आलाय, 'आत शिरणे' या अर्थाचा. दाखला त्याच घरातला. आपल्याकडे 'प्रविष्ट' आहे की!

खटपट्या :
प्रविष्ट तोंडात बसत नाही. दाखल आपल्याकडे कधीच दाखल झालाय, त्याला आता परका का म्हणायचं?

भिंगरी :
नोंदणी टिकवा, कारण वेगळं आहे. चिपमधल्या ज्या कप्प्यांतून आपण डिव्हाइसशी बोलतो, तेही रजिस्टरच. माझ्याकडे एका भाषांतरात 'उपकरणाची नोंदवही वाचा' असं आलं होतं. मूळ काढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. कप्प्याला रजिस्टर राहू दे, क्रियेला नोंदणी.

ओंजळ :
हे पटलं. पण अनरजिस्टर? 'नोंदणी रद्द' म्हटलं की वस्तू संपली असं वाटतं. गेट-डिव्हाइस (संदर्भ एकाने वाढवणारं फंक्शन) करून कुणी ती धरून ठेवली असेल तर शेवटचा संदर्भ सुटेपर्यंत ती मेमरीत असते. मेमरी सोडणारं रिलीज फंक्शन चालतं ते त्यानंतर.

टाचण :
'पटावरून नाव कमी केलं.' नाव जातं, माणूस असतो.

खटपट्या :
वा, हे घ्या! मग रजिस्टरला 'पटावर घेणे' का नको?

मधुमालती :
आणि ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनला काय लिहिलंय? लॅटिनमध्ये मूळ 'प्रोबारे', पारखणे. 'पारख' सुंदर दिसेल.

भिंगरी :
पारख अपुरी पडते. बसने जोडी जुळवली की ड्रायव्हरचं प्रोब चालतं. ते डिव्हाइस तपासतंच, शिवाय मेमरी घेतं, इंटरप्ट (डिव्हाइसकडून येणारा 'लक्ष द्या' असा इशारा) मागतं, डिव्हाइसचा ताबाच घेतं. मी 'चाचपणी' लिहायचे, तेही सोडलं.

मधुमालती :
ताबा? तो पण अरबीच ना?