शीमध्ये रक्ताची रेघ, बाळ फक्त अंगावर पितंय, मी नक्की काय काय खाणं सोडू?

रात्रजागी
बाळ ७ आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं, वरचं काही नाही. गेल्या आठवड्यापासून शीमध्ये शेंबडासारखं चिकट येतंय आणि दोन-तीनदा लाल रेघ दिसली. डॉक्टरांनी तपासलं, वजन नीट वाढतंय, बाळ मजेत आहे, घाबरू नका म्हणाले, तुमच्या खाण्यातलं दूध बंद करून बघा एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट आत आला. घरी आल्यावर प्रत्येकाने आपापली यादी दिली, कोबी नको, डाळी नको, तिखट नको, अंडं नको... मी सगळंच सोडलं. पाच दिवस भात, उकडलेल्या भाज्या आणि ब्रेड खातेय, भुकेने झोप लागत नाही आणि काल परत रेघ दिसलीच. माझ्यामुळेच होतंय का हे? अंगावरचं बंद करून डब्याचं सुरू करू का? खूप रडायला येतंय.

दोन_पोरांची_आई
अगं आधी पोटभर जेव बघू. माझ्या थोरल्याचं सेम हेच होतं. कोबी नि डाळींनी तुला गॅस होईल, पण तो तुझ्या आतड्यात, दुधात गॅस उतरत नाही. दुधात उतरतात ती खाल्लेल्या पदार्थातली प्रोटीन्स, अगदी थोडी पण उतरतात, आणि त्रास देणाऱ्यात पहिला नंबर गाईच्या दुधाचा. म्हणून डॉक्टर फक्त दूध म्हणाले. पाच दिवसांत काय कळणार, २ ते ४ आठवडे द्यावे लागतात. पण बंद म्हणजे पूर्ण बंद हं, मी चहातलं दूध सोडलं आणि बिस्किटं खात बसले होते, पाकिटावर मिल्क सॉलिड्स लिहिलेलं ते कोण वाचतंय! व्हे, केसिन (ही दुधातलीच प्रोटीन्स), दूध पावडर, बटर, चीज, दही सगळं त्यातच येतं. म्हशीचं नि शेळीचं पण नाही चालत, प्रोटीन जवळपास सारखंच असतं.

गोड_गोंधळ
एवढं कशाला, लॅक्टोज फ्री दूध मिळतं की, ते घ्या. मला तेच चालतं.

आहारवाली
मी डाएटिशियन आहे, आणि लॅक्टोज फ्रीवरच सगळ्यांची गाडी घसरते. लॅक्टोज ही साखर, इथे भांडण प्रोटीनशी आहे, आणि लॅक्टोज फ्री दुधात प्रोटीन तसंच असतं. शिवाय आईच्या दुधातलं लॅक्टोज स्तनातच तयार होतं, तुम्ही काहीही खा नाहीतर उपाशी रहा, त्यात फरक पडत नाही.

डब्याचं म्हणाल तर साधी फॉर्म्युला पावडर गाईच्याच दुधाची असते, म्हणजे जे टाळायचं तेच थेट बाळाच्या पोटात. अंगावरचं बंद करू नका. बाकी सगळं परत खायला लागा, आणि दूध बंद असेपर्यंत कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारून घ्या, दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, व्हिटॅमिन डी नि बी१२ पण बघायला सांगा. दूध पूर्ण बंद करूनही थांबलं नाही तर पुढचा संशय बहुतेक सोया किंवा अंड्यावर, पण तेही डॉक्टरांशी बोलूनच.

आणि रक्त जास्त पडलं, उलटी हिरवी झाली, ताप आला, बाळ प्यायचं थांबलं, किंवा प्यायल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासाला त्रास असं काही दिसलं तर इथे पोस्ट टाकत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

झोप_कुठे_हरवली
निपलला भेगा आहेत का गं? आमच्याकडे शीत काळपट दिसलं ते माझंच रक्त निघालं, बाळाने गिळलेलं. आणि बाळ रडतं म्हणून तर मी एकेक करून पाच पदार्थ सोडले होते, दर वेळी वाटायचं सापडला चोर! मग तीन महिन्यांनंतर रडणं आपोआप कमी झालं. नंतर वाचलं की कोलिकचं, म्हणजे तान्ह्या बाळाचं कारण न सापडणारं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं नि ३-४ महिन्यांत ओसरतं, मी तेव्हा काय खात होते त्याचा संबंधच नव्हता.

रात्रजागी
भेगा नाहीयेत, आणि माझ्याकडे लालच दिसतंय. काल अंडं, डाळ, चपाती सगळं जेवले, ताट संपवून परत रडले पण ते वेगळं. ब्रेडच्या पाकिटावर पण दूध पावडर निघाली, म्हणजे आधीचे पाच दिवस तसेही वाया, दोन स्लाइस रोज खात होते.

रात्रजागी
अपडेट. साडेतीन आठवडे झाले. दहाव्या दिवसानंतर रेघ नाही, चिकटपणाही गेला. आता डॉक्टर म्हणतायत दूध परत घेऊन बघा. इतकं सुरळीत चाललंय तर कशाला परत उकरायचं? पहिल्या वाढदिवसापर्यंत नाही प्यायले दूध तर काय बिघडतं?

दोन_पोरांची_आई
भीती मलाही वाटली होती, पण घेऊन बघच, नाहीतर दुधानेच होत होतं की आपोआप थांबलं हे कळणार कसं? थोरल्याच्या वेळी परत घेतलं तर तिसऱ्या दिवशी रेघ हजर, मग मी वर्षभर निमूट बंद ठेवलं आणि पहिल्या वाढदिवसानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला दूध दिलं, पचलं. धाकटीच्या वेळी परत घेतलं तर काहीच झालं नाही, म्हणजे महिनाभर कोरा चहा उगाच प्याले.