ठाण्यात दहा जणांसाठी जेवायची जागा हवी आहे (गुडघे, चातुर्मास आणि एक कोल्हापूरकर)

नमस्कार मंडळी. जन्म नौपाड्यातला असून हा प्रश्न विचारायची लाज वाटतेय, पण घरात आठवडाभर यावर खल चाललाय आणि निकाल काही लागत नाही.

माझे मामा-मामी कोल्हापूरहून येतायत. मामांची पंचाहत्तरी आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं ठरलंय. आषाढातला शेवटचा रविवार धरलाय, कारण श्रावण लागला की मामा महिनाभर मासे-मटणाला शिवत नाहीत. मामींचा चातुर्मास एकादशीलाच सुरू होतो : कांदा, लसूण, वांगं बंद. म्हणजे एकाच टेबलावर सुरमईही हवी आणि बिनकांद्याची भाजीही.

आणि आई. वय 78, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात फोनवर 'जागा आहे' म्हणाले. गेलो तर जागा पोटमाळ्यावर, वर जायला लोखंडी गोल जिना. आई तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जेवून या, मी रिक्षात बसते." शेवटी खाली काउंटरशेजारी दोन खुर्च्या टाकून दिल्या. आई आणि मी तिथे, बाकीचे वर. सोलकढी तेवढी उत्तम होती, खोटं कशाला बोलू.

तर हवंय ते असं : तळमजला, नाहीतर चालू लिफ्ट. एकमेकांचं बोलणं ऐकू येईल इतपत शांतता. माणशी सहाशे-सातशेपर्यंत. 'बोला पटकन, लोक थांबलेत' असं तोंडावर न म्हणणारे वेटर. ठाणे पश्चिमच बरं पडेल.

कृपया मामलेदार सुचवू नका. मिसळ आवडतेच, पण तिथे दहा जण एकत्र कुठे बसणार?

खादाड_पाचपाखाडी : मामलेदार! (मारू नका.) पण खरंच, मामांना सकाळी एकटं घेऊन जा. आधी मध्यम तिखट सांगा, कोल्हापूरकर म्हणून फुशारकी नको.

तलावपाळीकर : तारीख नीट बघितलीत का? आषाढातला शेवटचा रविवार म्हणजे गटारीची गर्दी. त्या दिवशी मांसाहारी हॉटेलात दहाचं टेबल मागणं म्हणजे दिवाळीत राममारुती रोडवर गाडी लावायला जागा शोधणं. शनिवारी दुपारी जा. गाडी गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगमध्ये टाका, आईंना आधी हॉटेलच्या दारात उतरवा.

चेंदणीची_पोर : सुरमईचा हट्ट सोडा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात येते ती बहुतेक बर्फातलीच. आमच्या कोळीवाड्यात पावसाळ्यात कोण सुरमई शोधत बसत नाही. खाडीची चिंबोरी, निवट्या, नाहीतर सुका जवळा आणि सोडे. सोड्याची खिचडी मिळाली तर मामा कोल्हापूर विसरतील. हॉटेलवाल्याला फोनवर सरळ विचारा, 'आज ताजं काय आहे?' तो 'सगळंच ताजं आहे' म्हणाला की फोन ठेवा.

वागळे_इस्टेट : एकाच टेबलावर दोन्ही कशाला? शाकाहारी जेवण सगळ्यांचं एकत्र करा, मासे घरी. चेकनाक्याकडे टिप टॉप प्लाझा आहे, मोठं कुटुंब बसू शकतं. मराठी जेवणच हवं तर घंटाळीचं मेतकूट, पण रविवारी रांग धरून चाला. मामींचं दोन्हीकडे आधी फोन करून विचारा, ग्रेव्हीत कांदा वाटलेला असतोच.

खादाड_पाचपाखाडी : आणि संध्याकाळी गजाननचा वडापाव, त्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसकट. चटणी दुसऱ्यांदा मागायची.

धागाकर्ता : सर्वांचे आभार. गटारीचं खरंच लक्षात आलं नव्हतं, इतक्या आषाढांत मीही कुठेतरी रांगेत उभा असेनच.

घरी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. चेंदणीचा मुद्दा ऐकून बायको म्हणाली, चिंबोरी हॉटेलात कोण खाणार, हात-तोंड माखतं, ती घरीच. म्हणून आता असं : शनिवारी दुपारी बाहेर, सगळे शाकाहारी. आई जेवून उठली की तलावपाळीला चक्कर, तिथे बसायला बाक आहेत. चिंबोरी रात्री घरी, मी आणतो, साफ मामा करतील (ते स्वतःच म्हणाले, पंचाहत्तरीचा माणूस). मामींसाठी वेगळ्या पातेल्यात वरण आणि भोपळ्याची भाजी.

दोन हॉटेलांना फोन केले. एकाने 'लिफ्ट आहे, पण रविवारी बंद असते' असं सांगितलं. का, ते विचारलं नाही, आम्ही शनिवारीच जातोय. दुसऱ्याकडे तळमजल्यावर टेबल मिळतंय, पण दुपारी बाराला बसा म्हणतात. आईला बाराची जेवायची सवय आहेच, उरलेल्यांना लवकर उठवावं लागेल.

एक शेवटचं. मामलेदारला मामांना सकाळी नेतोय. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस खायची त्यांना सवय, लादी पाव म्हणजे 'मुंबईची फॅशन' म्हणतात. स्लाइस घरून पिशवीत नेले तर तिथे कोणी काही म्हणेल का?