शब्दचर्चा : 'सेवा', 'पाचारण' आणि 'प्रभूमध्ये निद्रिस्त'

शब्दखुळा (परतूर)
आमच्या गल्लीतल्या एक मावशी नुकत्याच वारल्या. जालन्याकडच्या एका मिशन दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्यांच्या उपकारस्तुतीचं (मृत्यूनंतरच्या प्रार्थनासभेचं) कार्ड छापायला घरच्यांनी मजकूर दिला, 'प्रभूची सेवा पूर्ण करून प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.' छापखानेवाल्यानं परस्पर 'सेवानिवृत्त परिचारिका यांचे दुःखद निधन' करून ठेवलं. प्रूफ बघून मावशींचा मुलगा म्हणाला, "दादा, आई नोकरीतून रिटायर झाली होती, सेवेतून नाही." प्रूफ दुरुस्त झालं. पण ख्रिस्ती मराठीत 'सेवा' म्हणजे नक्की काय? त्या घरात 'पाचारण' हा शब्दही सारखा कानावर पडतो, तो कशाबद्दल?

मोसंबी
पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घरात वाढले, म्हणून लिहिते. 'ते सेवेत आहेत' असं म्हटलं की पाळक किंवा प्रचारक समजायचं. पण रविवारी सतरंज्या अंथरणारे काका आणि आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्या मामीही 'माझी सेवा एवढीच' म्हणतात, आणि ते विनयानं बोललेलं नसतं. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द 'दिआकोनिया', त्यात जेवण वाढण्याचा अर्थ आहे. त्यातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सहाव्या अध्यायात काही विधवांना रोजच्या वाटपातून डावललं जातं, कुरकुर होते, आणि त्या कामावर सात जण नेमले जातात. आपल्या भाषेत वाढपीच. पंगत उठेपर्यंत वाढप्याला बसता येत नाही, हे ज्यानं लग्नात बुंदीची बादली धरली आहे त्याला सांगायला नको.

'पाचारण' म्हणजे बोलावणं, देवानं कामाला बोलावणं. इथं घोळ होतो. आपल्याकडं 'वरून बोलावणं आलं' म्हणजे माणूस गेला. माझ्या आजोबांना पाचारण झालं, ते आता पाळक होणार, ही बातमी गल्लीत पोचली तेव्हा शेजारच्या काकू पदर डोळ्याला लावून आल्या. आजोबा ओट्यावर दाढी करत बसले होते.

गोदाकाठ
लई भारी काकू! आमच्याकडं कुणी गेलं की 'मातीला जाऊन आलो' म्हणतात. दहन असलं तरी 'माती'च. कॅथलिक लोकांत राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात, तेव्हा 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' या अर्थाचं वचन म्हणतात. उपवासकाळाची सुरुवातच तिथून. मरायचंय हे आधी सांगायचं, मग चाळीस दिवस दानधर्म, प्रार्थना. मला हा क्रम पटतो.

चिकित्सक_बीड
'सेवा' शब्दाचा चोथा झालाय हो. चौकातल्या फ्लेक्सवर प्रत्येक जण जनसेवक. शिवाय 'करील सेवा त्याला मिळेल मेवा' आहेच. ख्रिस्ती सेवेतसुद्धा शेवटी स्वर्गाचा मेवाच ना?

मोसंबी
नाही, निदान आमच्या प्रोटेस्टंट शिकवणीत तरी नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कामाच्या मजुरीत नाही. सेवा ही मिळालेल्याबद्दलची कृतज्ञता. म्हणूनच कार्डावर शोकसभा नाही, 'उपकारस्तुती' आहे: त्या माणसाच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानायचे. मेव्यासाठी नाही, तर मग सेवेची घाई कशाची? तर दिवस मोजके आहेत म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे, रात्र आली की कुणालाच करता येत नाही. बक्षिसाची तारीख जवळ आली म्हणून धावणं वेगळं आणि उजेड सरत आला म्हणून हात चालवणं वेगळं.

जुनीकागदं
जालन्याचा विषय निघालाय तर नारायण शेषाद्री यांचं नाव हवंच. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, पुढं जालन्याजवळ 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसवलं. हिब्रूत बेथेल म्हणजे देवाचं घर. १८९१ मध्ये ते गेले. शेत, विहीर, शाळा यांचा विचार करून गाव वसवणारा माणूस आपल्या हयातीपलीकडचा हिशेब धरतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं उदाहरण नगरचं, मराठवाड्याबाहेरचं, पण शब्दासाठी उपयोगी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' काढला. पुढच्या दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले. म्हणजे निवृत्तीच्या वयात त्यांनी सेवेचा नवा डाव मांडला, आणि त्याला शब्द घेतला तो 'संन्यास', आपल्याच घरातला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं आणि रक्षा नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरली. गोदाकाठ, तुमची 'माती' इथं दोन्ही अर्थांनी लागू.

शब्दखुळा (परतूर)
आणि 'निद्रिस्त'? छापखानेवाल्याला 'चिरनिद्रा' चालत होतं, मुलानं तेही खोडलं.

मोसंबी
बरोबर केलं. ज्यातून उठायचं ती झोप, 'चिर' लावलं की पुनरुत्थानच खोडलं. इंग्रजी 'सेमेटरी' हा शब्दसुद्धा ग्रीक 'झोपायची जागा' यावरूनच आलाय. 'कैलासवासी'च्या जागी 'ख्रिस्तवासी' लिहितात, तेही चालेल.

गोदाकाठ
एक राहिलं. आमच्याकडं म्हातारी माणसं 'सेवा' म्हणत नाहीत, 'खिदमत' म्हणतात. 'सुनेनं सासूची लई खिदमत केली' म्हणजे अंथरुणातलं सगळं काढलं, कूस बदलली, पेज भरवली. निजामाच्या राज्यातली उर्दू अजून जिभेवर आहे. मावशी दवाखान्यात करत होत्या ते हेच की.

शब्दखुळा (परतूर)
हेच. रिटायर झाल्यावरही गल्लीत कुणाचं ड्रेसिंग असलं की मावशींना हाक जायची. पिशवीत कात्री, कापूस, डेटॉल कायम. मुलगा 'खिदमत' कार्डावर घ्यायला तयार होता, पण पाळकसाहेब म्हणाले, सेवा राहू द्या. उद्या छापून येतील.

चिकित्सक_बीड
'खिदमत'वर वेगळा धागा काढा, 'हुजरेगिरी' आणि 'चाकरी'सकट.