ड्राइव्हवेत कॅराव्हॅन लावायला परवानगी लागते का?

प्रश्न: इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. जुनी चार बर्थची कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली, ड्राइव्हवेत लावली. एक चाक गुलाबाच्या वाफ्यात. शेजारचे आजोबा रोज ताडपत्रीकडे बघून सुस्कारे टाकतात. जूनमध्ये आई-बाबा येतायत, त्यांना तिच्यात झोपवायचंय. चालेल?

उत्तर १: चालेल. घराच्या आवारात, जेवण-आंघोळ घरातच असेल तर १९६०च्या कॅराव्हॅन कायद्याने साइट परवाना (जागेवर कॅराव्हॅन ठेवायचा परवाना) लागत नाही. वेगळं बिऱ्हाड थाटलंत तर मात्र कौन्सिलचे (तिथल्या पालिकेचे) प्लॅनिंगवाले येतील.

उत्तर २: आधी घराची डीड (मालकीचे कागद) काढा हो! आमच्या वसाहतीत बंदी निघाली, सातव्या पानावर, बारीक अक्षरात. तिथे कौन्सिलचा संबंधच नसतो. दोन वर्षं स्टोरेजचं भाडं भरतोय.

प्रश्नकर्ता: डीड मिळाली. ‘घरासमोर नको’ असंच लिहिलंय. मागे न्यावी तर गेट ७ फुटी, कॅराव्हॅन साडेसात. बाबांना अजून सांगितलं नाहीये.