बुद्ध पहिल्यांदा वाचलात, तेव्हा कुठे अडलात?

सुरुवात मीच करते, म्हणजे बाकीच्यांना संकोच नको.

एकोणिसाव्या वर्षी दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक पातळ पुस्तिका घेतली होती. शेवटच्या पानांवर अष्टांगिक मार्ग ओळीने दिला होता. सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीव, इथपर्यंत डोकं लावून वाचलं आणि सहावं अंग आलं 'सम्यक व्यायाम'. म्हटलं, वा, हा माणूस तब्येतीचीही काळजी करतो! दुसऱ्या दिवसापासून शिवाजी पार्कला तीन फेऱ्या सुरू. जवळजवळ दोन महिने मी निर्वाणाच्या दिशेने झपाझप चालत होते. तिथे व्यायाम म्हणजे प्रयत्न. मनात नको ते उगवू न देणं, उगवलेलं उपटणं, चांगलं लावणं आणि लावलेलं टिकवणं, हे कळायला वर्ष गेलं. वजन तीन किलो उतरलं ते वेगळं.

तर बुद्धाची ओळख कशी झाली ते लिहा, पण 'वाचून शांत वाटलं' एवढ्यावर भागवू नका. ते सगळ्यांनाच वाटतं आणि आठवडाभरात ओसरतं. पहिलं वाचन कोणतं, हातात कसं आलं, आणि कुठल्या वाक्यापाशी गाडी थांबली, ते सांगा. जाड ग्रंथांना घाबरणाऱ्यांनी आधी.

नागपूर

ओळख करून घ्यायला तो आमच्या घरी पाहुणा नव्हता हो. त्रिशरण-पंचशील मला अक्षरओळखीच्या आधी पाठ होतं. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण पाठ असलेला बुद्ध वेगळा आणि वाचलेला वेगळा, म्हणून लिहिते.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. मी आठवीत असताना वाचणाऱ्या बाईंचा घसा बसला आणि आजीने मला पुढे ढकललं. त्या ग्रंथात परिच्छेदांना आकडे आहेत, त्यामुळे काल कुठे सोडलं ते शोधावं लागत नाही. 'तीनपासून वाच गं,' एवढंच. मी आपली घडाघडा वाचत सुटले. शाळेच्या पुस्तकात राजपुत्र म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघतो अन् घर सोडतो. इथे बाबासाहेब विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर हे दिसलंच नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? तिथे माझी जीभ अडखळली. शाळेत परीक्षेला काय लिहायचं मग?

पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचं भांडण येतं. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात, म्हणजे सभेत, बहुमत त्याच्याविरुद्ध जातं. तरी ऐकलं नाहीस तर घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू, असा धाक घालतात. 'बहिष्कार' हा शब्द आला तशी मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी जोरात हुंकारली. तिला तो शब्द मी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यावर सिद्धार्थ स्वतःहून परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करतो. त्या दिवशी मी पुढचे दोन परिच्छेद फार हळू वाचले.

गोवा, मुरगाव तालुका

नागपूरच्या बाईंनी जिथे अडल्याचं लिहिलं, बरोबर तिथेच मी अडलो, फक्त दुसऱ्या पुस्तकात. धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध'. तेही ती चार दृश्यांची गोष्ट बाजूला ठेवतात आणि सुत्तनिपात या जुन्या पाली संग्रहातल्या अत्तदंडसुत्ताकडे बोट दाखवतात. तिथे बुद्ध स्वतः सांगतो की, थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांशी झगडताना पाहिली आणि मला भय वाटलं. 'मच्छे अप्पोदके यथा.' आमच्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीचं (पाणी अडवायच्या झडपेचं) दार उघडून पाणी सोडलं की तळाला उरलेल्या वीतभर पाण्यात मासळी कशी उड्या मारते, ते मी लहानपणापासून बघतोय. अंगावरून अंगावर पडतात. प्रेताचं दृश्य मला गोष्टीतलं वाटायचं. हे मात्र घरामागचं निघालं.

कोसंबी साखवाळचे, आमच्या गावापासून जवळच. जन्म १८७६ चा. शाळा फारशी झालेली नाही, लग्न झालेलं, बागायतीचं काम गळ्यात. अशात 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात आलेलं बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. मुलांच्या मासिकात, हे लक्षात घ्या! 'निवेदन' या आत्मकथनात त्यांनीच ते लिहून ठेवलंय. १८९९ साली घर सोडून पुण्याला संस्कृत शिकायला गेले, मग काशीत अन्नछत्रात जेवून शिकले, नेपाळला गेले, तिथून निराश होऊन निघाले आणि शेवटी १९०२ मध्ये सिलोनला जाऊन पाली शिकले. पुढे हार्वर्डपर्यंत पोचले. लोक हार्वर्डचं कौतुक करतात. मला मासिकाच्या त्या चार पानांचं जास्त वाटतं.

मागे ठेवलेल्या बायको-मुलीचं काय, हा प्रश्न मात्र मला 'निवेदन' वाचताना सतत टोचत राहिला. बुद्धाच्या बाबतीतही टोचतो. त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

ठाणे

मी हेस्सेची 'सिद्धार्थ' कादंबरी बुद्धचरित्र समजून वाचली. थोडं पुढे गेल्यावर नायक स्वतःच गौतम बुद्धाला भेटायला जातो. पान उलटसुलट करून पाहिलं, बाइंडिंग चुकलंय की काय म्हणून. तोपर्यंत ऑफिसात चार जणांना ज्ञान पाजून झालं होतं.

सोलापूर

एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आता निवृत्त. मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात मिलिंद राजाचा उतारा होता, तो वाचला आणि मग मराठीतलं 'मिलिंदप्रश्न' तिलाच आणायला लावलं.

मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. रथातून आला. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक? जू? सांगाडा? राजा सगळ्याला नाही म्हणतो. मग हे सगळं काढून टाकल्यावर उरतं ते रथ का? तेही नाही. हे वाचून मी एकटाच हसलो. आयुष्यभर हेच केलं. गाडी खोलली की पिटावर गाडी नसते, पाटे असतात, एक्सल असतो, गिअरबॉक्स असतो. इंजिन दुसरं बसवलं, जुन्या चासीवर नवी बॉडी बांधली, तरी रजिस्टरला नंबर तोच. ड्रायव्हर म्हणतो, माझी गाडी आली का? काय आलं त्याचं, सांगा.

तर माणसाचंही तसंच, आत 'मी' नावाचा वेगळा पार्ट नाही, इथवर एकदम पटलं. अडलो ते पुढे. आत्मा नाही तर पुढच्या जन्मात जातं काय? नागसेन म्हणतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्याची ज्योत उठून दुसऱ्यात गेली का? राजा म्हणतो, नाही. आणि गप्प बसतो. राजा लवकर गप्प बसतो असं माझं मत आहे. मी असतो तर अजून तासभर सोडला नसता. बाबासाहेबांनीही हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच काढलाय, म्हणजे अडणारा मी एकटा नाही.

सातारा

मला बुद्धापेक्षा बायका आधी भेटल्या. थेरीगाथांचा मराठी अनुवाद, ग्रंथालयातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर, वर कार्डात एकाही सभासदाची सही नाही. भिक्खुणींनी स्वतः रचलेल्या गाथा. पटाचारा, किसा गोतमी, अंबपाली, बऱ्याच जणी. मी उघडलं ते पान मुत्तेचं. मुत्ता म्हणजे मुक्ता. ती म्हणते, बरी सुटले, छान सुटले, तीन वाकड्या गोष्टींतून सुटले. 'उदुक्खलेन मुसलेन, पतिना खुज्जकेन च.' उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा!

पाली मला येत नाही, पण ही ओळ कळायला अनुवादाची गरजच पडली नाही. अडले ती याच्यावर की धर्मग्रंथात असं चालतं? पुढच्याच ओळीत ती जन्ममरणातून सुटल्याचं सांगते, म्हणजे निर्वाण आणि मुसळ एका श्वासात. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जातं राहिलं की तिचं."

इगतपुरीला जाऊन आलेला एक जण

मी उलटा गेलो. ध्यानावरच्या सतिपट्ठान सुत्तावरचं एक पुस्तक वाचलं, पेन्सिलने खुणा केल्या, वही केली आणि धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला ते बरोबर घेऊन गेलो. फोन जमा, पुस्तक जमा, वही-पेनही जमा. दहा दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर तिसऱ्यांदा वाचत होतो. वाचायची चटक ही पण चटकच, एवढं तरी तिथे कळलं. पुस्तक परत मिळाल्यावर माझ्याच खुणा बघून हसू आलं. सगळ्या चुकीच्या वाक्यांखाली.

औरंगाबाद, विद्यार्थी

माझं पहिलं वाचन म्हणजे व्हॉट्सॲपवरचं कालामसुत्त. 'कुणीतरी सांगितलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका.' मागे सूर्योदय. मला जाम आवडलं, कारण घरी कुणाचंच ऐकायचं नव्हतं. मग खरं सुत्त वाचलं आणि फजिती झाली. ते तिथे थांबत नाही. केसपुत्त गावच्या कालामांची तक्रार असते की येणारा प्रत्येक श्रमण आपलंच खरं म्हणतो आणि दुसऱ्याला नावं ठेवतो. बुद्ध त्यांना उलट प्रश्न विचारत नेतो. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? आणि स्वतः पारखून, शहाणी माणसं कशाला दोष देतात तेही बघून, मग धरा किंवा सोडा. म्हणजे 'तुला वाटेल ते कर' असं कुठेच नाही. फॉरवर्ड करणारा नेमका अर्ध्यात कापतो. मीही चाळीसेक जणांना पाठवलं होतं.

पनवेल

रद्दीवाल्याकडे बाबासाहेबांचा ग्रंथ मिळाला, तैवानमध्ये छापलेली प्रत. आत स्पष्ट लिहिलेलं, मोफत वाटपासाठी, विक्रीसाठी नाही. रद्दीवाल्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'मग तीस द्या.' आधी पन्नास सांगत होता.

मुंबई, शिक्षक

पुस्तक हातात कसं येतं यावर एक आठवण, माझी नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितलंय की, परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीने सत्कार केला, तेव्हा दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. कृष्णराव अर्जुन केळुसकर, तेही शिक्षक. चरित्रकार ही मॅट्रिकची परीक्षा म्हणतात, साल १९०७. प्रस्तावनेत बाबासाहेब इंग्रजी चौथी म्हणतात. काही असो. मुलाने ते वाचलं आणि वडिलांना विचारलं, आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावलंत, मग हे का नाही? त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत जवळपास अर्धशतक जातं.

मी केळुसकरांचं पुस्तक मुद्दाम मिळवून वाचलं, काहीतरी पेटतं हाती लागेल या आशेने. १८९८ ची संथ, जुन्या वळणाची मराठी. तिथे अडलो. मग लक्षात आलं की मी ते पन्नाशीत वाचतोय, रविवारी, पंख्याखाली. आमच्या शाळेत हल्ली बक्षीस म्हणून पाण्याची बाटली देतात.

कोल्हापूर

लिहू का नको करत होते. माझा भाऊ गेला तेव्हा कुणीतरी गोष्टींचं छोटं पुस्तक आणून दिलं. त्यात किसा गोतमीची गोष्ट. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरते, बुद्ध सांगतो मूठभर मोहरी आण, पण जिथे कुणी मेलं नाही अशा घरातून. मला संताप आला. दुःखाने वेडी झालेल्या बाईला दारोदार फिरवायचं? सरळ सांगायचं होतं. पुस्तक मिटून फ्रिजवर टाकलं.

सुतकात फोडणी देत नाहीत, त्यामुळे आमचा मोहरीचा डबा बंदच होता. जेवण शेजारपाजारहून यायचं. तेराव्यानंतर पहिल्यांदा तेल तापवलं, डबा उघडला आणि हात तिथेच राहिला. त्या तेरा दिवसांत डबे घेऊन आलेली प्रत्येक बाई दारात दोन मिनिटं थांबून आपलं कोण गेलं ते सांगून गेली होती. समोरच्या काकूंचा मुलगा, जो वीस वर्षांपूर्वी गेला, त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. गोतमीलाही प्रत्येक दारात कुणी ना कुणी हेच सांगितलं असणार. गोष्टीत ते एका ओळीत उरकलंय. तेल जळायला लागलं तेव्हा भानावर आले.

राग अजून थोडा आहे. पण पुस्तक फ्रिजवरून खाली आलं.

पुणे

६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून आणलेलं पुस्तक तेव्हापासून प्लास्टिकमध्येच होतं. वरचं वाचून आत्ता फाडलं. नवव्या पानावर आहे आणि 'तृष्णा' शब्दाशी अडलोय. सगळ्या दुःखाचं मूळ तृष्णा, हे ठीक, पण शब्दच असा जरीकाठी आहे की माझ्यात ती असेल असं वाटत नाही.

(सुरुवात केलेली मी)

पालीत 'तण्हा' आहे. आपली 'तहान' त्यातूनच आली. तृष्णा खोडा आणि तहान लिहून ते पान परत वाचा.

पुणे

वाचलं. दहाव्या पानावर जाववत नाहीये.