अनुवादाचं काम आता नुसतं तपासणीचं झालंय, काय शिकू?

शब्दवेल
गेली १४ वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, बहुतेक औषधांची माहितीपत्रकं. २०२३ पासून कोरा मजकूर येणं जवळजवळ बंद झालं. आता यंत्राने केलेला अनुवाद येतो, तो दुरुस्त करून द्यायचा. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. शब्दामागे दर निम्म्याहून कमी, वेळ मात्र निम्मा लागत नाही.

गेल्या आठवड्यातलीच गोष्ट. मूळ मजकुरात गोळी 'एव्हरी अदर डे', म्हणजे एक दिवसाआड घ्यायची होती. पूर्वी यंत्र 'इतर प्रत्येक दिवशी' असलं काहीतरी लिहायचं, चूक लांबूनच दिसायची. या वेळी सरळ 'दररोज' होतं. वाक्य गुळगुळीत, औषध दुप्पट. पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून सुटलं. तेव्हापासून प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचते.

प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, लिहायला शिकू, की क्षेत्रच सोडू?

क्षकिरण
ताई, सोडू नका. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, नवे रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र सरस ठरेल. मी त्याच विभागात तंत्रज्ञ आहे. सॉफ्टवेअर आलं, पण अहवालावर सही अजून डॉक्टरांचीच लागते.

आडवाट
डॉक्टरांना सही आहे हो, अनुवादकाचं नावही कुठे छापत नाहीत! म्हणून पुरावा स्वतःच जमवा. यंत्राची प्रत्येक चूक नोंदवा: मात्रा, एकक, सुटलेला नकार, गंभीर की किरकोळ. महिन्याभराची यादी ग्राहकापुढे ठेवा आणि तासावर दर मागा. पोस्ट-एडिटिंगसाठी आयएसओ १८५८७ हे २०१७ चं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा आधार घ्या. प्रॉम्प्ट चार दिवसांत जमेल. औषधशास्त्राची परिभाषा मात्र नेटाने वाचा, तिथेच तुमचं मोल आहे.

शब्दवेल
दोघांचेही आभार. नोंदवही आजच सुरू केली, पहिली ओळ 'दररोज: गंभीर'.

एक मात्र डोक्यातून जात नाही. चूक पकडणारी नजर मला कोऱ्या मजकुरावर वर्षानुवर्षं चुकत चुकत मिळाली, ज्येष्ठांनी लाल शाईने भरलेली पानं परत पाठवली तेव्हा. आता ते सुरुवातीचं कामच यंत्राकडे गेलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी पुढच्या महिन्यापासून रोज एक पान यंत्राशिवाय करायला देणार आहे. पैसे कुणी देणार नाही त्याचे, तरी देणार.