अनुभव धागा: स्वयंपाकाच्या ओट्यावरचे हट्टी डाग

खिडकीतली तुळस
शेजारी आज जुना कडप्पा फोडणं चालू आहे. त्या आवाजाने नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यांमधले काळे गुळगुळीत ओटे आठवले. लिंबू कापायच्या जागी त्यांच्यावर पांढुरके ठिपके असायचेच, आणि काथ्याने कितीही घासले तरी जायचे नाहीत. कडप्पा म्हणजे चुनखडक. आंबट लागलं की वरचा थर विरघळतो आणि तेवढी जागा निस्तेज होते. म्हणजे दगडावर काही बसलेलं नसतं, दगडच गेलेला असतो. साबणाने काय निघणार?

म्हणून धागा काढते आहे. हळद, तेल, चहा, जंग, बोअरच्या पाण्याचे क्षार, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. ओटा कशाचा आहे ते आधी सांगा, नाहीतर ग्रॅनाइटचा उपाय कोणीतरी संगमरवरावर करून बसेल.

पॉलिशवाला भाऊ
काहून बाप्पा लोक ओट्यावर संडासचं ॲसिड टाकून राहिले! आधी गोटा कोनता हाये ते पाहा ना. शेगडी सरकवा, तिच्याखाली कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका न दोन मिन्टं थांबा. बुडबुडे आले नाहीतर पुसल्यावर जागा फिकी दिसली, तं तो संगमरवर, कडप्पा नाहीतर कोटा. त्याले लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीच चालत नाही. काहीच नाही झालं तं बहुतेक ग्रॅनाइट.

दुसरी टेस्ट पान्याची. थेंब टाकून दहा-पंधरा मिन्टं ठेवा. खालची जागा काळी पडली म्हंजे गोटा पानी पिऊन राहिला, तेलही पिईन.

घाईतली
भाजी गॅसवर आहे. हळद कशी काढायची तेवढं सांगा कोणीतरी. पांढऱ्या टाइलचा ओटा, सांध्यांत बसली आहे.

रसायनची ताई
@घाईतली, हळदीवर आधी साबण किंवा सोडा लावू नका. हळदीतलं कुरक्युमिन अल्कलीत लाल होतं, म्हणून साबण लागला की पिवळा डाग विटकरी दिसतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. तो लाल रंग आंबटाने परत पिवळा होतो, पण जात नाही.

ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून आधी कोरड्या कागदाने तेल टिपून घ्या. मग 70 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर (पातळ, जेल नको) कापसावर घेऊन दाबून धरा आणि उचला. पुसू नका, पुसलं की पसरतं. कापूस पिवळा होईल, बदलत राहा. गॅस बंद करूनच हे करायचं, अल्कोहोल पेट घेतं.

उरलेल्या पिवळ्या छटेवर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, 6 टक्के, बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. टिशू भिजवून सांध्यावर ठेवा, वर प्लास्टिक, अर्धा तास. पांढऱ्या टाइलला आणि पांढऱ्या सिमेंटला चालतं.

घाईतली
भाजी लागली खाली. पण कळलं, धन्यवाद ताई 🙏

तर्रीबाज
सावजीचा रस्सा केला की ओट्यावर तर्रीची नदी ठरलेली. त्यात हळद, मिरची, गरम मसाला आणि सगळ्यावर बोटभर तेल. एका डागात चार डाग!

धरमपेठी
तर्री आधी नळाखालच्या ओल्या फडक्याने पुसायची नाही. तेल पाण्यावर तरंगत आणखी दोन फूट जातं. वर कोरडं बेसन किंवा कणीक भुरभुरवा, पाच मिनिटांनी पत्र्याने नाहीतर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून कचऱ्यात. त्यानंतर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब.

गॅसभोवतीचं चिकट पिवळं राप हे वेगळं प्रकरण. ते तेल उष्णतेने आणि हवेने घट्ट झालेलं असतं, जवळपास वार्निशच. ग्रॅनाइट किंवा टाइल असेल तर एक कप गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, त्यात फडकं भिजवून रापावर वीस मिनिटं पसरून ठेवायचं. मऊ पडलं की लाकडी उलथन्याची कड पुरते. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या भांड्याला किंवा पट्टीला सोडा लागू देऊ नका, ते काळं पडतं.

मानेवाडा
संत्र्याच्या सालीने पण निघतो तो चिकटपणा. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते तेलाचा राप आणि स्टिकरचा गोंद दोन्ही सोडवतं. सालीची केशरी बाजू डागावर दाबून घासायची, पाच मिनिटांनी साबणाने धुवायचं. पण ग्रॅनाइटवरच हं. संगमरवरावर सालीसोबत रस लागतो आणि रसात सायट्रिक ॲसिड आहे. अंबिया बहराची संत्री घरी आली की संगमरवरी ओट्यावर सोलायची नाहीत, सरळ ताटात सोला.

तर्रीबाज
संत्र्यांचा भाव काय चालू आहे कळमन्याच्या बाजारात?

मानेवाडा
धागा भरकटवू नका हो 😄 (खासगी निरोप करते)

नवा फ्लॅट, वर्धा रोड
पांढरा क्वार्ट्झ ओटा आहे. गरम तवा ठेवल्याच्या जागी गोल पिवळट-पांढरा डाग. बेकिंग सोडा + व्हिनेगर करून पाहायचं का?

रसायनची ताई
त्याने काही होणार नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस पाहून छान वाटतं, एवढंच. वापरायचं तर एका वेळी एक.

क्वार्ट्झमध्ये साधारण 90 टक्क्यांच्या वर दगडाची पूड आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन. दगडाला उष्णता चालते, रेझिनला नाही. साधारण 150 अंशांपुढे ते पिवळं पडतं, कधी तडकतं. पोळीचा तवा सहज 200 च्या वर असतो. तुमचा डाग भाजल्याचा आहे, तो कशानेच पुसला जात नाही. अगदी वरवरचा असेल तर कंपनीचा माणूस थोडी झीज करून पॉलिश देऊ शकतो. पण तेवढ्या जागेची चमक वेगळी दिसते, हे आधी विचारून घ्या. ब्लीच आणि ओव्हन क्लीनर क्वार्ट्झपासून लांब ठेवा.

नवा फ्लॅट, वर्धा रोड
अरे देवा. विकणारा तर म्हणाला होता "काहीही ठेवा, मॅडम."

धरमपेठी
विकणारे सगळे तेच म्हणतात. लाकडी पाट ठेवा शेगडीच्या बाजूला, तवा त्याच्यावर.

कोटा-कडप्पा
आता तेल दगडात मुरलं असेल तर लेप. हे नीट वाचा, कारण अर्धे लोक ओला लेपच काढून टाकतात आणि मग म्हणतात उपयोग झाला नाही.

तळहाताएवढ्या डागाला अर्धा कप बेकिंग सोडा, त्यात चमच्या-चमच्याने पाणी घालत दाट श्रीखंडासारखं करा. साधारण तीन मोठे चमचे पाणी लागतं. डागाच्या बाहेर एक बोट जाईल असं पाव इंच जाड थापा. वर प्लास्टिक, कडा कागदी टेपने बंद, 24 तास. त्यानंतर प्लास्टिक काढा आणि लेप तिथेच पूर्ण सुकू द्या. खरं काम इथे होतं. पाणी लेपातून वर उडत जातं आणि दगडाच्या छिद्रांतलं तेल सोबत ओढलं जाऊन सोड्याच्या भुकटीत अडकतं. मे महिन्यात काही तासांत सुकतो, श्रावणात दोन दिवस धरून चला. मग लाकडी पट्टीने काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. जुना डाग एका लेपात फिका होतो, जात नाही. पुन्हा लावावा लागतो.

तेल फार जुनं असेल तर पाण्याऐवजी ॲसिटोन. खिडकी उघडी, गॅस बंद, सिलिंडरचा कॉकसुद्धा बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, बऱ्याच बाटल्यांत रंग आणि तेल असतं.

चहा, कॉफी, जांभूळ, लोणच्याचा खार यांना हलक्या रंगाच्या दगडावर सोडा आणि पेरॉक्साइडचा लेप. काळ्या दगडावर पेरॉक्साइड नको, रंग उडून पांढुरका पट्टा येऊ शकतो. लोणच्याच्या खारात आंबटही असतं. लेपाने त्याचा रंग निघेल, पण गेलेली चमक येणार नाही.

खिडकीतली तुळस
मुलतानी माती चालते का लेपाला? घरात पडून आहे.

कोटा-कडप्पा
काळ्या ग्रॅनाइटवर चालेल. पांढऱ्या संगमरवरावर नको, मातीत लोह असतं, पिवळी झाक राहते. खडूची पूड किंवा बिनवासाची टाल्कम चांगली.

वेलदोडा
खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या थुंकीचे) डाग कशाने जातात? ओट्यावरचे नाहीत, आमच्या जिन्यातले 😐

तर्रीबाज
खर्रा खाणारा जाईल तेव्हा.

पॉलिशवाला भाऊ
😂 जिन्यात कोटा असन. कात असते ना त्यात, न चुना. पेरॉक्साइडचा लेप लावून पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोनी थुकलं तं माझ्याकडं इलाज नाही.

बोअरवेलवाली
आमच्याकडे हिंगणा रोडला बोअरचं पाणी. सिंकभोवती काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी किनार, हात फिरवला की खरखरीत लागते. पेंच धरणाचं पाणी नळाला येतं त्या दिवशीच ओटा धुवायचा का आता?

धरमपेठी
कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत ते. एक कप कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), टिशू भिजवून फक्त किनारीवर, दहा मिनिटं. प्लास्टिकच्या घासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेची घासणी नको. तिचे बारीक तुकडे सांध्यात राहतात आणि आठवड्यात त्यांना जंग चढतो, मग नवाच डाग.

थर जाड असेल तर दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून आधी खरवडा, ओलं करून. संगमरवर किंवा कडप्पा असेल तर लिंबूफूल नाहीच, फक्त ब्लेड आणि धीर. ओटा रोज रात्री कोरडा पुसला तर थर बसतच नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात.

मानेवाडा
कोरडा पुसायला जुनी सुती बनियन सर्वात भारी. मायक्रोफायबर वगैरे नंतर.

रसायनची ताई
लिंबूफूल निघालंच आहे तर एक गोष्ट. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र येता कामा नये, संडासचं क्लीनरसुद्धा. क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात ठसका, डोळ्यांची आग, दमेकऱ्याला फार वाईट. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर हेही तसंच. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी.

स्टीलच्या ओट्यावर ब्लीच किंवा ओलं मीठ रात्रभर राहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत.

चकलीचा साचा
लोखंडी कढईचा तपकिरी गोल राहिला आहे ग्रॅनाइटवर. घासून दमले. आणि काळ्या ग्रॅनाइटला खोबरेल लावलं की डाग दिसत नाही, ते रोज लावू का?

पॉलिशवाला भाऊ
ताई, तेल नका लावू. दोन दिवस चमकते, मंग चिकट होते, धूळ धरते, वास मारते. न एक करा, पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन कोपऱ्यात घासून पाहा. फडकं काळं झालं तं गोट्यावर रंग मारून विकला. तसा गोटा असन तं डाग काढता काढता रंगच निघून जाईन, मंग जास्त छेडू नका.

जंगाले ऑक्झॅलिक. पॉलिशच्या सामानाच्या दुकानात भेटते. एक चहाचा चमचा, एक कप गरम पानी, हातमोजे, दहा मिन्टं, मंग तीन-चार पान्यानं धुवा. साखरेवानी दिसते न जहर असते, म्हून स्वैपाकघरात डब्यात भरून ठेवू नका, उरलं तं दुकानातच देऊन या. काही तयार जंग-रिमूव्हरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, त्यानं ग्रॅनाइटबी खराब होते न हातबी. बाटलीवर वाचून घ्या.

खिडकीतली तुळस
भाऊ, लिंबाने उडालेली चमक परत येते का? संगमरवर किंवा कडप्पा.

पॉलिशवाला भाऊ
येते. नख फिरवून पाहा. नख अडकत नसन तं टिन ऑक्साइडची पॉलिश पावडर, पानी न नमद्याचं पॅड, हातानं घासलं तरी जमते, भल्ला वेळ लागते. नख अडकलं तं मशीन पायजे. डायमंड पॅड 400 पासून 800, 1500, 3000, मंग पावडर. मधला नंबर सोडला तं ओरखडे राहतात, न ते उन्हात दिसतात, ट्यूबलाइटमध्ये नाही. म्हून पैसे देण्याआधी दिवसा पाहून घ्या.

कडप्प्याले आरशासारखी चमक मागू नका. त्याचा मॅट चांगला दिसते.

बोअरवेलवाली
आणि सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावतात ते? दुकानदार दोन लिटर घ्या म्हणतो.

पॉलिशवाला भाऊ
10 फूट बाय 2 फूट ओट्याले पाव लिटर पुरते. सिलेन-सिलॉक्सेनवालं घ्या, आत मुरनारं. वर फिल्म बसनारं नको, ते गॅसजवळ सोलते. ओटा पूर्ण कोरडा पायजे, धुतल्यावर एक दिवस जाऊ द्या. फडक्यानं लावा, दहा-पंधरा मिन्टांनी वरचं सगळं पुसून घ्या, राहिलं तं ढगावानी डाग पडतात. मंग 24 तास पानी नाही. सीलरनं तेल-हळद आत जात नाही, पन लिंबाची चमक उडते ते उडतेच.

घाईतली
ताई, टाइलच्या सांध्यातली हळद फिकी झाली, पूर्ण नाही गेली. पुढे काय?

कोटा-कडप्पा
सांध्यात भरलेलं सिमेंटचं ग्राउट डाग आत खोलवर पितं. हातकरवतीसारखं ग्राउट खरवडायचं हत्यार मिळतं, त्याने दोन-तीन मिलिमीटर खोल काढा, धूळ झटका, आणि इपॉक्सी ग्राउट भरा. दोन भाग मिसळले की पाऊण तासात दगड होतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. थोडं-थोडं कालवा आणि टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. इपॉक्सीवरही हळद रात्रभर ठेवली तर पिवळी झाक येते, एवढं लक्षात ठेवा.

तर्रीबाज
सगळ्यांनी एवढं लिहिलं, आता सावजीच्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं तेही कोणी सांगा.

मानेवाडा
दुसरा धागा काढा, येते तिथे.